बघ्याची खुर्ची

नुसतं बघत बसणं हेसुद्धा काम असू शकतं आणि त्यासाठी तीन सह्या लागतात, हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधी एकोणीस वर्षं मी आमच्या दाखल्यांच्या कार्यालयात खिडकी क्रमांक तीनच्या आत बसून लोकांकडे बघतच होतो. पण ते सगळं फुकट गेलं, कारण तेव्हा मी काही लिहून घेत नव्हतो.

आमच्याकडे जन्माचे, मृत्यूचे आणि रहिवासाचे दाखले मिळतात. मिळतात म्हणजे, शेवटी मिळतात. तळमजल्यावर एक लांबलचक हॉल आहे. त्यात पाच खिडक्या, आठ बाकं आणि फक्त भिंतीला वारा घालणारा एक पंखा. काचेच्या भोकातून “मोठ्यानं बोला”, “हा कागद नाही, दुसरा” आणि “पुढचे या” एवढंच ओरडून माझा घसा असा बसलाय, की घरी मी प्रेमानं बोललो तरी ही विचारते, “चिडलाय का?”

वरच्या मजल्यावर मात्र जुन्या नोंदींची खोली आहे. तिला दार आहे आणि ते लागतं. आत एक टेबल, एक खिडकी, खिडकीबाहेर झाड. तिथे बसणारे गृहस्थ महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. माझी नोकरीची दोन वर्षं उरली होती आणि ती दोन वर्षं त्या दाराच्या आत जावीत, एवढीच माझी इच्छा होती. बढती नको, सत्कार नको. कुणी “अहो, ऐका ना” म्हणून काच ठोठावू नये, बस्स. मी रीतसर अर्ज केला होता आणि तो साहेबांच्या टेबलावर कपाखाली होता.

आमचे साहेब तसे सज्जन. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी हॉलमध्ये टोकन देणारं यंत्र बसवून घेतलं. पडद्यावर आपल्याला हवा तो दाखला निवडायचा, बटण दाबायचं, आकडा छापलेली चिठ्ठी बाहेर येते आणि मग खिडकीवर तो आकडा लागेपर्यंत बसून राहायचं. साहेबांचा त्या यंत्रावर फार जीव. येता-जाता स्वतःच्या रुमालानं ते पुसायचे. आम्हा खिडकीवाल्यांना त्यांनी सहा वर्षांत कधी साधं “कसं काय” विचारलं नव्हतं, पण त्याची तक्रार नाही.

मग साहेब तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले आणि एक निळी पुस्तिका घेऊन परत आले. प्रशिक्षणाहून परतलेला माणूस पहिले आठ दिवस धोकादायक असतो. मी रजा टाकायला हवी होती.

“आपल्याला वापरकर्त्याचा अनुभव समजून घ्यायचाय,” मला बोलावून साहेब म्हणाले.

“बरं साहेब. कोण वापरकर्ता?”

“नागरिक हो! लोकांना यंत्र वापरताना काय वाटतं, ते शास्त्रशुद्ध पद्धतीनं शोधायचं. मुलाखत आहे, प्रश्नावली आहे, निरीक्षण आहे. या पुस्तिकेत सगळं दिलंय. त्यातली योग्य पद्धत निवडा आणि पंधरा दिवसांत अहवाल द्या.” मग कप उचलून त्यांनी खालचा कागद पाहिला. त्यावर गोल डाग पडला होता. “वरच्या खोलीसाठी तुमचाच अर्ज ना? अहवाल बघून ठरवू. तसा निकाल उघड आहे म्हणा, रोज तीनशे टोकनं निघतात.”

शहाण्याला एवढा इशारा पुरे होता. पण शहाणा असतो तर एकोणीस वर्षं खिडकी क्रमांक तीनमध्ये बसलो असतो का?

घरी येऊन पुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की पद्धत निवडण्यापूर्वी तिचा छोट्या प्रमाणावर सराव करावा. माझ्या हाताशी छोटं प्रमाण म्हणजे आमची ही.

“तुला हे स्वयंपाकघर वापरताना कोणत्या अडचणी येतात?” मी वही उघडून विचारलं. पुस्तिकेत म्हटलं होतं, प्रश्न मोकळा असावा, मध्ये बोलू नये, उत्तर देणाऱ्याला वेळ द्यावा. मी वेळ दिला. हिनं एक तास चाळीस मिनिटं घेतली. नळापासून सुरुवात झाली, मग ओटा, ओट्याची उंची, ती ठरवताना माझ्या आईनं दिलेला सल्ला, त्या सल्ल्याला मी डोलावलेली मान, असं करत करत उत्तर आमच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत गेलं. मी बारा पानं लिहिली. शेवटी ही म्हणाली, “आता लिहिलंच आहे तर नळ दुरुस्त करणार ना?” मी म्हटलं, “हे फक्त समजून घेण्यासाठी होतं.” त्यानंतर दोन दिवस हिनं मुलाखतच काय, साधं बोलणंही दिलं नाही.

मग निरीक्षण करून पाहिलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलो. पुस्तिकेचा नियम असा, की निरीक्षकानं मध्ये पडू नये आणि आपण तिथे नाहीच असं वागावं. पहिली पाच मिनिटं मी तिथे नव्हतो. सहाव्या मिनिटाला ही म्हणाली, “बघताय काय नुसतं? तो डबा द्या वरचा.” दिला. मग कांदे चिरले. मग भांडी विसळली. निरीक्षणाच्या वहीत त्या दिवशी फक्त पाण्याचे डाग आहेत. त्यातच माझं भविष्य लिहिलेलं होतं, पण ते वाचायची अक्कल नंतर आली.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती. शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहतात. ते तांबडं पेन घेऊनच आले. “मुलाखतबिलाखत काही नाही. प्रश्नावली! लेखी! लेखी उत्तराला माणूस बांधील असतो,” असं म्हणून त्यांनी तिथेच एकेचाळीस प्रश्न काढून दिले. एकोणचाळिसावा होता, ‘सदर यंत्राचे तीन फायदे सोदाहरण लिहा.’

खालच्या मजल्यावरच्या काकूंचं मत उलटं होतं. त्या दिवसभर गॅलरीत बसलेल्या असतात. “विचारून कोण खरं सांगतं हो? बघावं लागतं. मी बावीस वर्षांत या इमारतीत कुणाला काही विचारलं नाही. पण परवा तुम्ही साडेपाचला सुटून साडेसातला घरी आलात आणि हातात मिठाईच्या दुकानाची पिशवी होती, जी वर येईपर्यंत रिकामी झाली, हे मला माहीत आहे.”

हे त्या जिन्यात उभं राहून बोलल्या. वर आमचं दार उघडं होतं आणि मला गोड खायला डॉक्टरांची बंदी आहे. निरीक्षण ही प्रभावी पद्धत असल्याचं मला तेव्हाच पटायला हवं होतं. पण अपमान झालेला माणूस उलट्या बाजूला जातो. मी प्रश्नावली निवडली.

दुसऱ्या दिवशी गळ्यात ओळखपत्र अडकवून, एकेचाळीस प्रश्नांचे गठ्ठे घेऊन मी हॉलमध्ये उतरलो. पहिल्याच बाईंनी विचारलं, “हे भरलं नाही तर दाखला मिळत नाही का?” मी म्हटलं, तसं काही नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. पाच मिनिटांत सगळा हॉल दाखल्याच्या धास्तीनं माझे कागद भरू लागला. एका गृहस्थानं सोबत स्वतःचे दोन फोटो जोडले. सगळ्यांनी यंत्राला ‘उत्तम’ लिहिलं होतं. मग मी तोंडी विचारायला लागलो.

“यंत्र वापरायला कसं वाटतं?”

“छान आहे,” एक जण म्हणाला.

“काही अडचण?”

“नाही हो, फारच छान आहे.” मग आवाज खाली आणून, “एवढं छान म्हटलं तर काम आज होईल ना?”

ज्याच्या हातात आपला कागद अडकलाय त्याच्या तोंडावर कोण वाईट बोलेल? मीसुद्धा साहेबांना यंत्राबद्दल छानच म्हटलं होतं.

दाराकडे निघालेले एक आजोबा दिसले. इस्त्रीचा सदरा, काखेत घडी घातलेली पिशवी. त्यांनाही विचारलं. “उत्तम सोय केलीत,” ते म्हणाले. “काही तक्रार नाही. सगळे फार चांगलं बोलतात.” मी ‘समाधानी’ असं लिहून पुढे गेलो. ती नोंद अजून माझ्या वहीत आहे आणि ती मला बघवत नाही.

साठ लोक, साठ वेळा ‘छान’. अहवाल तिथेच संपवता आला असता. साहेब खूश, दार माझं. पण तीनशे टोकनं काढणारे हे समाधानी लोक मला यंत्राजवळ कधीच दिसत कसे नव्हते? आणि डोक्यात खालच्या काकू बसल्या होत्या. शेवटी मनाशी म्हटलं, एक दिवस बघू. आणि बघण्याची परवानगी मागितली.

आपल्याच कार्यालयात आपल्याच डोळ्यांनी बघायला परवानगी कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मोठ्या बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला. “कामाच्या वेळेत काम न करता बसणार, म्हणजे परवानगी हवीच. किती वेळ बघणार? कोणत्या दिशेला?” अर्ज तीन टेबलं फिरला आणि तिसऱ्या सहीबरोबर एक अटही आली, की नागरिकांना पूर्वसूचना द्यावी. त्याप्रमाणे दारावर सूचना लागली: ‘उद्या सकाळी दहापासून नागरिकांचे नैसर्गिक वागणे पाहिले जाईल. तरी सर्वांनी नेहमीप्रमाणे वागावे.’

पहिल्या दिवशी इतकं नैसर्गिक वागणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. लोक एका ओळीत, हात बांधून उभे. खिडकी क्रमांक पाचचे गृहस्थ, जे साडेअकराला येऊन बाराला चहाला जातात, ते पावणेदहापासून जागेवर हसत बसले होते. मी तो दिवस वहीतून फाडून टाकला आणि शिपायाला सांगून सूचना काढायला लावली.

उरला खुर्चीचा प्रश्न. स्टोअरकीपर म्हणाला, नुसती खुर्ची देता येत नाही.

“का?”

“नोंद टेबलासकट आहे. टेबल, खुर्ची, पेनस्टँड, घंटी. एक संच. खुर्ची एकटी गेली तर संच मोडतो.”

“मला घंटी नकोय हो.”

“मग खुर्ची नको म्हणा.”

अशा रीतीनं, ज्यानं कुणाच्या नजरेत येऊ नये असं पुस्तिका बजावते तो निरीक्षक दुसऱ्या दिवशी हॉलच्या मधोमध, यंत्रापासून दहा पावलांवर, टेबल मांडून, पेनस्टँड आणि घंटी समोर ठेवून बसला.

तरी सुरुवातीला बरं चाललं. एका तासात तीनशे टोकनांचं गूढ उकललं. दारावरचा शिपाई सकाळी यंत्रापुढे उभा राहून भराभर टोकनं काढायचा, गठ्ठा करून हातात ठेवायचा आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला एकेक द्यायचा. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, “साहेबांचा जीव आहे त्याच्यावर. कुणी हात लावून बिघडवलं म्हणजे? नोकरी माझी जाईल.” सहा महिन्यांत नागरिकांनी यंत्राला स्पर्श केला नव्हता. माझ्या समोर स्वतः यंत्राला हात लावणारा फक्त एक निघाला, आईच्या कडेवरचा, वय साधारण दीड वर्ष. त्याला अनुभव आवडल्याचं दिसलं.

मग ते आजोबा आले. तोच इस्त्रीचा सदरा. शिपायानं टोकन दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, खिशातून रुमाल काढला, टोकन त्यात ठेवलं, रुमालाची घडी केली आणि मागे वळून घरी निघून गेले. मी लिहिलं: ‘टोकन घेतले, परत गेले. कारण अज्ञात.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टोकन, रुमाल, घडी, परत.

तिसऱ्या दिवशी ते वळले तेव्हा मला राहवलं नाही. निरीक्षकानं मध्ये पडायचं नसतं, माहीत होतं. पण मी उठलो.

“आजोबा, थांबत का नाही तुम्ही?”

“कशाला थांबू?” ते सावकाश म्हणाले. “नंबर दिलाय ना. आपला नंबर आला की बोलावतील. उगाच इथे गर्दी कशाला करायची? मी घरीच असतो. दाराशी बसलेला असतो.”

त्यांनी रुमाल उलगडून दाखवला. आत सात टोकनं होती, एकावर एक, कडा जुळवून ठेवलेली. “सगळी जपून ठेवलीत,” ते म्हणाले. “हिचा दाखला हवाय. जाऊन दोन महिने झाले. मुलगा परगावी असतो, तो म्हणाला, सावकाश करा.”

हा माणूस मी ‘समाधानी’ म्हणून नोंदवला होता. मला माझीच लाज वाटली. मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं, त्यांचा अर्ज भरला, हाताला धरून खिडकी क्रमांक दोनवर नेलं आणि तिथल्या बाईंना म्हटलं, “हे सात वेळा येऊन गेलेत.” बाईंनी मान वर करून पाहिलं आणि दाखला दहा मिनिटांत काढून दिला. आजोबांनी तो त्याच रुमालात ठेवला. टोकनं काढून माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, “ही परत करायची असतील ना?”

त्यांना दारापर्यंत पोचवून मागे वळलो, तर माझ्या टेबलापुढे रांग लागली होती.

लोकांची काही चूक नाही. हॉलच्या मधोमध टेबल आहे, घंटी आहे, माणूस आहे आणि त्या माणसानं आत्ताच एका म्हाताऱ्याचं काम दहा मिनिटांत करून दिलंय. मी सांगून पाहिलं, “मी फक्त बघायला बसलोय.” पहिल्या बाई म्हणाल्या, “मग हे बघा ना,” आणि कागद पुढे केले. घरी काय अन् ऑफिसात काय, बसलेला माणूस लोकांना बघवत नाही. उरलेले तीन दिवस मी कुठला दाखला कुठल्या खिडकीवर, कुठला कागद हवा, सही कुठे करायची हे सांगत होतो. पण वही सोडली नाही. येणाऱ्या प्रत्येकासाठी एक रेघ मारत गेलो. घसा पूर्ण गेला. शेवटच्या दिवशी मोजल्या, तर दोनशे बारा रेघा.

आता अहवाल. खोली हवी तर साठ ‘छान’ लिहायचे आणि सही ठोकायची. टेबलाशी बसून मी कागदावर समास आखला, मग पुन्हा आखला. हिचा रुसवा एव्हाना नळासकट मिटला होता, प्लंबरला मीच बोलावलं होतं. तिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत ऐकत होती.

“त्या आजोबांना दाखला मिळाला?” तिनं विचारलं.

“मिळाला.”

“मग लिहा की काय ते खरं. त्या खोलीचं एवढं काय घेऊन बसलात? तिथे तरी तुम्ही गप्प बसणार होतात का?”

बसणार होतो. अगदी गप्प बसणार होतो, पण हे तिला कसं सांगणार? मी खरं तेच लिहिलं. यंत्र चांगलं आहे पण ते कुणीच वापरत नाही, लोकांना आकडा नको असून विचारायला माणूस हवा आहे, आणि पुरावा म्हणून दोनशे बारा रेघा आणि सात टोकनं सोबत जोडली आहेत. खोलीवर मनातल्या मनात पाणी सोडून अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. सात टोकनं हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मला वाटलं, आता संपलं. पण ते उठून चक्क माझ्याशी हस्तांदोलन करते झाले.

“उत्कृष्ट! माणसं म्हणतात माणूस हवा. आणि कुठला माणूस, तेही तुम्ही आकड्यांनी सिद्ध केलंत! दोनशे बारा!”

“साहेब, ते मी नाही... म्हणजे मीच, पण—”

“टेबल-खुर्ची तिथेच कायम राहू द्या. निवृत्तीपर्यंत तुमची बदली नाही, मी लिहून देतो.” मग त्यांचा आवाज जरा हळवा झाला. “यंत्राचं मात्र वाईट वाटतं हो. त्या धुळीत, त्या गोंगाटात वाया गेलं बिचारं. त्याला वर हलवू. नोंदींची खोली रिकामी होतेच आहे. तिथे शांत आहे. दारही लागतं.”

तेव्हापासून यंत्र वर असतं. खिडकीजवळ, झाडाकडे तोंड करून. मी खाली, घंटीसमोर. हल्ली घंटी लोकच वाजवतात.

ते बिघडू नये म्हणून दर सोमवारी कुणीतरी ते चालू करून बघावं, असा लेखी आदेश आहे आणि बघण्याचा अनुभव कार्यालयात फक्त मला आहे. म्हणून सोमवारी दुपारी मी जिना चढतो. दार लावून घेतो. यंत्र चालू करतो, बटण दाबतो, एक टोकन बाहेर येतं. क्रमांक एक. माझ्या पुढे कुणी नसतं. पाच मिनिटं झाडाकडे बघत उभा राहतो आणि या पाच मिनिटांत काहीही लिहून घेत नाही. मग खालून “अहो, साहेब कुठे गेले?” असा गलका ऐकू येतो आणि मी उतरतो.

ते टोकन मी टाकून देत नाही. रुमालात घडी करून ठेवतो. काल सात झाली. नंबर आला की बोलावतील.